अण्णांनी मागितलेला हिशेब

"मॅडम, क्रिप्टोत पैसे टाकलेत. घरच्यांना पटवायचं कसं?" क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारखी, फक्त संगणकाच्या जाळ्यावर चालणारी डिजिटल नाणी. गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न घेऊन येणारी तरुण मुलं माझ्याकडे वाढली आहेत. कुणाचे वडील बोलायचे थांबलेले असतात, कुणाची बायको रोज रात्री तोच विषय काढते, कुणाला ऑफिसातले मित्र चहाच्या टपरीवर "काय मग, आज किती बुडाले?" म्हणून डिवचतात. मी कुटुंब समुपदेशक आहे. पैसे कुठे गुंतवावेत हे मी सांगत नाही, ते माझं काम नाही. पण हा प्रश्न आला की मला एक घर आठवतं. त्या घरातल्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, ते सगळं इथे लिहिते आहे.

मुलगा तिशीतला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गाव सांगली जिल्ह्यातलं. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. वडील, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते, तिथूनच निवृत्त झाले. २०२४ च्या गणपतीत घरी सगळे जमलेले असताना दादाने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि बिटकॉइन म्हणजे काय, हे आलेख दाखवून समजवायला सुरुवात केली. नाणी फक्त २ कोटी १० लाखच निघणार, २००९ पासून जाळं सुरू आहे, अमेरिकेत आता ईटीएफही, म्हणजे शेअर बाजारात विकत घेता येणारे बिटकॉइनचे फंड, आलेत, सगळं. अण्णा दहा मिनिटं गप्प बसून होते. मग उठले आणि म्हणाले, "आरतीची वेळ झाली." नंतर चार दिवस दोघांत जेवायला वाढल्यापुरतंच बोलणं.

"ते ऐकूनच घेत नाहीत," दादा मला म्हणाला. "कुठेतरी पेपरात वाचलेलं धरून बसलेत. पुण्यात तो बिटकॉइनचा घोटाळा झाला होता ना, तेच."

अण्णांनी वाचलेलं खोटं नव्हतं. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेतले गेले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटक केली होती. दादाचं म्हणणं, ती साखळी योजना होती, तिच्यावरून बिटकॉइनला नावं ठेवणं चुकीचं. तेही खरं. पण दोघंही आपापलं खरं धरून बसले की घरात फक्त भिंत उभी राहते.

मी त्याला विचारलं, "गणपतीतच का? आजवर तीन वर्षं बोलला नव्हतास."

तो बराच वेळ पाण्याच्या ग्लासाशी खेळत राहिला. मग हळूहळू बाहेर आलं. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे ही नाणी विकत घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारावर, सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली आणि त्यानंतर ग्राहकांचे पैसे काढणंही थांबलं. दादाचे २,१०,००० रुपये तिथे अडकले होते. फ्लॅटच्या डाउन पेमेंटची तारीख डिसेंबरची. अण्णा गावी सगळ्यांना सांगत होते की दिवाळीनंतर पोराचं घर होतंय. पैसे कमी पडणार हे त्याला सांगायचं होतं. पण आधी क्रिप्टो म्हणजे काय हे घरच्यांना कळलं, त्यांना ते पटलं, तर मग ही बातमी कमी लागेल, असा त्याचा हिशेब.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच असतं, म्हणून हे जरा थांबून सांगते. घरच्यांना पटवायची घाई बहुतेक वेळा तेव्हाच होते, जेव्हा त्यांना काहीतरी सांगायचं राहून गेलेलं असतं. आकडा कमी सांगितलेला असतो, तोटा लपवलेला असतो, कुणाच्या तरी पैशाला हात लावलेला असतो. समोरच्याला नेमकं काय ते कळत नाही, पण काहीतरी आहे हे कळतं. आईवडिलांना तर आवाजावरून कळतं. मग तुम्ही ब्लॉकचेन, म्हणजे या नाण्यांच्या नोंदी ठेवणारं तंत्र, कितीही छान समजावून सांगा, ते तुमच्या चेहऱ्याकडेच बघत राहतात.

दुसऱ्या भेटीला त्याची बायको आली. ती शिक्षिका आहे. तिला वाटत होतं की एकूण दोनेक लाख असतील. मी दादाला कोरा कागद दिला आणि चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: आजवर खिशातून किती घातले, त्यातले कुणाचे, आता ते कुठे आहेत, आणि सगळे गेले तर घरातलं काय थांबेल. आजचा भाव लिहायचा नाही, फक्त घातलेले पैसे. त्याला वीस मिनिटं लागली. एकूण ६,४०,०००. त्यातले २,१०,००० अडकलेले, ३,००,००० दुसऱ्या एक्स्चेंजवर, १,३०,००० स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी आपल्याच ताब्यात ठेवायच्या डिजिटल पाकिटात. आणि या सगळ्यात दोघांच्या जॉइंट खात्यातून घेतलेले १,५०,०००.

तिने कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला. "मला तुझं नाणं समजून घ्यायचं नाहीये," ती म्हणाली. "बिल्डरला काय सांगायचं ते सांग."

त्या दिवशी ती चिडली, रडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. मी तिला शांत करायची घाई केली नाही. तासाभराने तिनेच कागद परत सरळ केला आणि खाली पेन्सिलने लिहिलं: घराचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात नाही. पुढच्या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात उपयोगी नियम हाच ठरला, आणि तो सुचवायला मला तोंड उघडावं लागलं नाही.

अण्णा तिसऱ्या भेटीला आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाले, "बाई, मला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही. पण हे बेकायदा आहे ना?" दादा लगेच उसळला, "अण्णा, सरकार ३० टक्के टॅक्स घेतं, बेकायदा कसं असेल?" मी दोघांना थांबवलं आणि मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना असे व्यवहार हाताळायला मनाई केली होती, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. खरेदी-विक्रीवर बंदी नाही. २०२२ च्या बजेटपासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस आहे, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. म्हणजे गुन्हा नाही. पण कर लागतो म्हणून सरकारने पैशाची हमी घेतली, असंही नाही. अण्णांनी मान हलवली. दादाही गप्प झाला. कायद्याचा वाद तिथेच मिटला, कारण तो मुळात वादाचा विषयच नव्हता.

मग दादाने कागद पुढे केला. आदल्या दिवशी आम्ही सराव केला होता, वाक्यं साधी ठेवायची म्हणून. तो म्हणाला, "अण्णा, मी ६,४०,००० घातलेत. त्यातले २,१०,००० अडकलेत, कधी मिळतील माहीत नाही. त्यामुळे घर डिसेंबरात होणार नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." एवढंच. भाव वाढेल, लोक कसे करोडपती झाले, यातलं एक अक्षर नाही.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. बोट आकड्यांवरून खाली खाली नेत त्यांनी पुटपुटत बेरीज केली. मला नंतर कळलं की ड्यूटी संपल्यावर डेपोत वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, रोकड जुळवण्याची ही त्यांची कायमची पद्धत. तिथे दहा रुपये कमी पडले तरी कंडक्टरच्या खिशातून जातात. बेरीज जुळली. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत ठेवपावत्या होत्या. त्यांना लावलेला रबर वाळून पावत्यांनाच चिकटला होता, तो त्यांनी नखाने खरवडून काढला.

निवृत्तीच्या पैशांतले साडेचार लाख त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा व्याज जास्त, चेअरमन ओळखीचे. दोन वर्षांनी संस्थेने पैसे देणं थांबवलं. हप्त्याहप्त्याने एक लाख दहा हजार परत मिळाले, बाकीचे नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे त्यांना पैसे बुडाल्यावर कळलं. "काहीतरी अडकलंय" एवढंच दादाला माहीत होतं. आईलासुद्धा पुरा आकडा माहीत नव्हता.

अण्णांनी पावत्या दादाच्या कागदाशेजारी मांडल्या आणि विचारलं, "तुझे अडकलेत त्या ठिकाणचा चेअरमन कोण?"

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. गणपतीतल्या त्या सगळ्या आलेखांत या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. एक्स्चेंजवर ठेवलेली नाणी म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेले पैसे, आणि त्या तिजोरीला विमा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्ससारखं जगातलं बडं एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं, तेव्हा दादाने त्यावर रात्र रात्र वाचलं होतं. पण ज्यांना तो अडाणी समजत होता, त्यांनी तोच धोका स्वतःच्या साडेचार लाखांवर भोगला होता. शंका घेणारं माणूस पुष्कळदा असंच असतं. त्याला नवीन शब्द येत नाहीत, पण पैसे कसे जातात हे त्याने पाहिलेलं असतं. म्हणून मी मुलांना सांगते, घरच्यांना समजवायच्या आधी त्यांचे पैसे कधी आणि कसे गेले ते एकदा विचारा. त्यांचा "नाही" कुठून येतो ते तिथे सापडतं.

दादाने मग वॉलेटबद्दल सांगितलं. हे माझ्याच ताब्यात असतं, मध्ये कुणी चेअरमन नाही, बारा शब्दांची किल्ली असते, ती हरवली की पैसेही गेले.

"ते शब्द कुणाला माहीत आहेत?"

"मला."

"सूनबाईला?"

दादा गप्प. त्या बारा शब्दांचा स्क्रीनशॉट त्याच्या फोनच्या गॅलरीत होता, लग्नाच्या फोटोंमध्ये कुठेतरी. फोन चोरीला गेला तर चोराच्या हातात, आणि याला काही झालं तर कुणाच्याच हातात नाही. अण्णा म्हणाले, "अरे, माझ्या बुडालेल्या पावतीवर पण वारस आहे." आणि त्यांनी पावती उलटी करून आईचं नाव दाखवलं.

त्या आठवड्यात नवरा-बायकोने शब्द हाताने कागदावर उतरवले, स्क्रीनशॉट पुसला, आणि पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. जॉइंट खात्यातले दीड लाख पगारातून दरमहा परत भरायचे ठरलं. त्याने क्रिप्टो सोडलं नाही, अण्णांना ते आवडू लागलं नाही, आणि मला ते आवश्यकही वाटलं नाही. महिन्यातून एकदा, एक तारखेला, दादा फोनवर आकडे सांगतो आणि अण्णा वहीत लिहितात. मधल्या दिवसांत त्या विषयावर बोलायचं नाही. हे बंधन दोघांनाही मानवलं.

मित्रांचं काय, असं विचारतात, म्हणून थोडक्यात. मित्रांना हिशेब देणं लागत नाही. "मी एवढी जोखीम घेतोय, माझ्या पैशाने," इतकं सांगून विषय बदला. ग्रुपवर वाद घालू नका. आणि कुणाला, अगदी कुणालाही, तुमच्या मागे ओढू नका. विचारलं तर आपला तोटाही सांगा. 'तूही घे' हे मात्र म्हणू नका.

हे मी इतकं ठासून सांगते, त्याचं कारण त्याच घरात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरपर्यंत गेला, तेव्हा दादाने आपल्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, आग्रह करून ८०,००० रुपये घालायला लावले. वर्षभरात भाव १६,००० डॉलरच्या आसपास आला. दाजींनी घाबरून विकले, वीसेक हजार हाती आले. दाजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पण भाऊबीजेला बहीण आता एकटीच येते, ओवाळते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला. दादाला राहवलं नाही, एक तारखेची वाट न बघता त्याने गावी फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विकलंस?"

"नाही."

"मग वहीत काय लिहू?"

दादाने मला हे हसत सांगितलं. मीही हसले. मग मी दाजींबद्दल विचारलं. तो म्हणाला, त्यांच्याकडे जाऊन "मी तुम्हाला ओढायला नको होतं" एवढं म्हणायचं आहे, पण अजून पाय उचलत नाही. पुढची भेट आम्ही त्यासाठीच ठेवली आहे.