पावसाळ्यात रत्नागिरीत कार्डशीटचे स्टेन्सिल वाकतात, रंग खाली पसरतो. तिसरीच्या मुलांसाठी काय वापरावं?

जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर वापरा. कार्डशीट दमट हवेत ओलावा धरते, कडा उचलल्या जातात आणि रंग तिथूनच आत शिरतो. प्लास्टिक सपाट राहतं. शाळेत मी हेच वापरते. तरी रंग पातळ असेल तर प्लास्टिकखालीही पसरणारच! घट्ट पोस्टर कलर घ्या, स्पंज आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडेकडून आत हलके ठोके द्या. घासायचं नाही. पापलेटच्या आकाराचं स्टेन्सिल कापताना डोळ्याचा गोल आकाराबाहेरच्या प्लास्टिकला बारीक पट्टीने जोडलेला ठेवा, नाहीतर तो गळून पडतो. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात. कापणं नकोच असेल तर गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं) नेच्याचं पान पुसून कागदावर ठेवा आणि भोवती रंग टिपा.