पाचर ठोकली की सिलिंडर अडतो

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नवी प्रतिकृती घेतली आहे. पाचर पूर्ण ठोकली की सिलिंडर फिरत नाही, थोडी बाहेर ठेवली की बॅरल डुगडुगते. पाचर कानशीने घासून बारीक करू का?

उत्तर : कानस आधी खाली ठेवा. पाचरीचा दोष क्वचित असतो, बहुतेक वेळा आर्बरचा, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतो त्या दांड्याचा असतो.

या कोल्टच्या फ्रेमला वरची पट्टीच नाही. बॅरल धरून ठेवतात तीनच गोष्टी : फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेला आर्बर, खालच्या दोन पिना आणि आडवी पाचर. पाचरीची पुढची कड आर्बरच्या खाचेला रेटते, मागची बॅरलच्या खाचेला, आणि बॅरल मागे ओढली जाते. मूळ कोल्टमध्ये आर्बरचं टोक बॅरलमधल्या भोकाच्या तळाला टेकायचं. बॅरल तिथेच थांबायची. बऱ्याच प्रतिकृतींत आर्बर आखूड पडतो. मग बॅरलचा खालचा भाग फ्रेमला टेकतो, वरचा मागे झुकून सिलिंडरला चिकटतो. तोंड वर उचललं जातं, गोळी उंच लागते आणि मालक नेम धरायच्या साइटला शिव्या घालतो.

खात्री अशी करा. रिव्हॉल्व्हर रिकामी, कॅप (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्या) काढलेल्या, सिलिंडर बाजूला. बॅरल आडवी फिरवून आर्बरवर तळापर्यंत सरकवा, मग तिचा खालचा भाग फ्रेमकडे वळवा. कडेला कड जेमतेम भिडली तर आर्बर बरोबर आहे. बॅरलची कड फ्रेमला आडवी येऊन अडली, तर जेवढी आत येते तेवढा आर्बर कमी.

आर्बर कमी असेल तर बॅरलमधल्या त्या भोकाच्या मापाची स्टीलची चकती करून तळाशी टाका. जाडी हळूहळू उतरवा. घाई केलीत की पातळ होते आणि पुन्हा नवी करावी लागते. सिलिंडर लावा, पाचर हलक्या टिचकीने बसवा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला : बॅरल-सिलिंडरमध्ये ४ ते ६ हजारांश इंच, वर-खाली सारखंच. खाली फ्रेमपाशी फट उघडली तर चकती जाड आहे. घासायची ती चकती, फ्रेमला हात लावायचा नाही. पाचरीवरचा स्क्रू ती किती आत जावी हे ठरवायला नाही, ती निसटून हरवू नये म्हणून आहे.

कोणीतरी सांगेलच, रेमिंग्टन घ्यायची होती. तिच्या अखंड फ्रेममध्ये बॅरल आट्यांनी घट्ट असते, हे खरं. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने तर १८५१ मध्येच फ्रेम आणि नळी एकाच तुकड्यात घडवली होती. पण काळ्या पावडरचा मळ धुवायला बसलात की बॅरल सुटून हातात येणारी कोल्टच मला आवडते.

चकती बसवूनही सिलिंडर अडलाच, तर वरचं आणि खालचं अंतर मोजून दोन्ही आकडे पाठवा. नुसतं ‘घट्ट वाटतं’ यावर मला काही सांगता येणार नाही.