इंटरव्ह्यू तर झाले, मग आता जीपीए-एमकॅट कोण बघतंय?

मी न्यू जर्सीत राहते, मेडिकल स्कूलला अप्लाय करणाऱ्या मुलांना मदत करते, त्यात निम्मी तरी आपली मराठी घरातली. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक फोन ठरलेला असतो आणि तो कधीच मुलाचा नसतो, बाबांचा असतो. गेल्या एका सीझनचा किस्सा सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

"ताई, तीन इंटरव्ह्यू झाले. एक रिजेक्ट, एक वेटलिस्ट, तिसऱ्यांचा पत्ताच नाही. ५०८ मुळेच अडलंय सगळं. मार्चमध्ये एमकॅट परत द्यायला लावू का तिला?"

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी, एमकॅट ही इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, ती ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात, मधला आकडा ५००, आणि एमडीला (इथली डॉक्टरकीची पहिली पदवीच ती) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी हल्ली ५११-५१२ च्या आसपास असते, जीपीए, म्हणजे कॉलेजच्या ग्रेड्सची ४ पैकी सरासरी, ३.७ च्या वर. हिचा ५०८ आणि ३.५८. म्हणजे वाईट अजिबात नाही, पण आईबाबांची झोप उडायला पुरेसं.

बाबांचं पण मी समजू शकते, बारावीच्या मेरिट लिस्टवर वाढलेली आमची पिढी, अर्ध्या मार्काने कॉलेज हुकलेलं आयुष्यभर लक्षात. तिकडे अजून तेच आहे, नीटचे ७२० पैकी किती आणि लिस्टमध्ये नंबर कितवा, संपलं, तोंड बघायला कोणी बोलवत नाही (पुण्याचं एएफएमसी वगळता, तिथे नीटनंतर मुलाखत असते). त्यामुळे इथे इंटरव्ह्यू होऊनही उत्तर येत नाही म्हटलं की त्यांचा हात सरळ मार्कांवरच जातो.

मुलगी मात्र बरोब्बर उलट बोलत होती. "मावशी, इंटरव्ह्यूला बोलावलं म्हणजे सगळे सेम लेव्हलला ना? मग नंबर्स आता मॅटरच करत नाहीत." तिला कॉलेजात सीनियर्सनी सांगितलेलं.

दोघंही अर्धे बरोबर. इथल्या मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे, एएएमसी, त्यांनी मागे ॲडमिशनवाल्यांनाच विचारलेलं की कुठल्या टप्प्यावर तुम्ही कशाला किती महत्त्व देता. इंटरव्ह्यूला कोणाला बोलवायचं ठरवताना जीपीए आणि एमकॅट सगळ्यात वर होते, पण सीट कोणाला द्यायची इथे आल्यावर इंटरव्ह्यूचं मत पहिल्या नंबरवर गेलं. मार्क खाली सरकले, यादीतून गेले नाहीत. आणि प्रत्येक शाळेची, म्हणजे मेडिकल स्कूलची, तऱ्हा वेगळी, काही ठिकाणी समोर बसलेल्या माणसाला तुमचे मार्क दाखवतच नाहीत, त्याला क्लोज्ड फाइल म्हणतात, मुलं ते ऐकून निर्धास्त होतात, पण अहो, त्या माणसाला दिसत नसले तरी नंतर ॲडमिशन कमिटी बसते तेव्हा तिच्यापुढे अख्खी फाइल असते, मार्कांसकट!

आणि तिथे कोणीतरी विचारतंच की ही पहिली दोन वर्षं झेपवेल का. लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२ पासून नुसता पास-फेल झालाय, म्हणजे टॉप कोण येणार ही चिंता कमी, पण नापास कोण होईल ही आहेच. त्यामुळे आकडा किती यापेक्षा तो कसा आला आणि पुढे काय झालं हे जास्त बघितलं जातं असा माझा तरी अनुभव आहे. सेकंड इयरला घसरून मग चढलेला ३.५८ वेगळा आणि दरवर्षी थोडा थोडा उतरत आलेला ३.५८ वेगळा.

हिचा पहिल्या प्रकारचा होता. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस, नंतर बायोकेमिस्ट्रीत ए. मग अडलं कुठे? मी म्हटलं चल मॉक इंटरव्ह्यू करू, आणि पहिलाच प्रश्न टाकला, ऑर्गॅनिकमध्ये काय झालं? पोरगी तीन मिनिटं बोलली. प्रोफेसर फार स्ट्रिक्ट, कर्व्ह (वर्गाच्या मानाने ग्रेड ठरवणं) नव्हता, त्याच सेमिस्टरला पुण्याला आजी आजारी, शिवाय लॅब पार्टनर... मी घड्याळ बघत बसले. सगळं खरं असेल, पण ऐकताना कोर्टात बसल्यासारखं वाटत होतं.

मग चहा घेताना सहज म्हणाली की खरं तर ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांना शंका विचारायच्या वेळेत, जायचीच लाज वाटायची, आपल्याला येत नाही हे कळेल म्हणून. पुढच्या सेमिस्टरला दर गुरुवारी जायला लागली आणि शेवटच्या वर्षी त्याच विषयाची ट्यूटर झाली. मी कप खाली ठेवला. अगं हे सांगितलंस का कुठे? "नाही, ते काय सांगायचं?" कपाळावर हात मारला मी. तेच उत्तर चाळीस सेकंदांत बसवलं, आजी त्यात राहिली नाही.

(उलटी केस पण बघितलीये, ५२० आणि ३.९ चा मुलगा, इंटरव्ह्यू भरपूर आणि सगळीकडे वेटलिस्ट. एमएमआय म्हणजे छोट्या छोट्या प्रसंगांचा इंटरव्ह्यू, कॅनडातल्या मॅकमास्टरमधून आलेली पद्धत, त्यात हा प्रत्येक प्रसंगाचं एकच बरोबर उत्तर शोधून दोन मिनिटांत गप्प बसायचा. एएएमसीच्या तक्त्यात सगळ्यात वरच्या मार्कांच्या चौकटीतसुद्धा शंभरातल्या पंधरा-वीस जणांना कुठेच प्रवेश मिळत नाही, ते मला त्याच्याकडे बघून पटलं.)

मार्चच्या एमकॅटला मी ठाम नाही म्हटलं. स्कोअर यायला महिना लागतो, तोपर्यंत बहुतेक ठिकाणी ठरून गेलेलं असतं, वर प्रत्येक स्कोअर सगळ्या शाळांना दिसतो, कमी आला तर तोही. आणि चालू सेमिस्टरचं काय? यंदा कुठेच झालं नाही तर मेमध्ये पुढचा फॉर्म उघडायच्या वेळी शांतपणे ५०८ चा विचार करू, आणि तेव्हा तो खरंच करावा लागेल, हेही बाबांना स्पष्ट सांगितलं. ते गप्प झाले, आवडलं नाही बहुतेक.

मग अपडेट लेटर, म्हणजे फॉर्म भरल्यानंतर नवीन काय झालं ते कळवणारं पत्र. एका पानात, डिसेंबरचे ग्रेड्स, ट्यूटरचं काम, हॉस्पिसमधले (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथले) नवीन तास, बस. आधी त्या शाळेच्या पोर्टलवर बघायचं की अपडेट घेतात का, नको म्हणत असतील तर अजिबात पाठवायचं नाही. बाबांना तीनही शाळांना, रिजेक्ट केलेल्यांनासुद्धा, 'तुम्हीच माझी पहिली पसंती' असं पाठवायचं होतं. म्हटलं अहो, एकाच मुलीचा तीन स्थळांना होकार कळवल्यासारखं आहे हे! शेवटी वेटलिस्टवाल्या एकाच शाळेला तसं कळवलं, कारण तिला खरंच तिथे जायचं होतं.

तिसऱ्यांनी पण मार्चअखेर वेटलिस्टच दिली. ३० एप्रिलच्या सुमारास एकापेक्षा जास्त सीट धरून बसलेल्यांना एक ठेवून बाकीच्या सोडायच्या असतात, त्यानंतर खऱ्या अर्थाने वेटलिस्ट हलते, म्हणून एप्रिलमध्ये मी कोणाला आशाही सोडू देत नाही आणि फोनही उचलत नाही फारसे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पहिल्या वेटलिस्टकडून फोन आला तिला. रात्री बाबांचा मला.

"ताई, कशामुळे घेतलं ते काही कळलं का?"

"नाही हो, ते कधीच सांगत नाहीत."

"डिसेंबरचे ए आले ना, त्यामुळेच असणार."

असेल, म्हटलं. पेढे कधी आणताय?