झूम नाही, मग आज्जीचा फोटो कसा काढू?

प्रश्न (परभणी): फुजीचा एक्स१००व्ही कॅमेरा घेतलाय, त्याला झूम नाही, पण आज्जीचा जवळून फोटो काढला की नाक मोठं दिसतंय. पोर्ट्रेटला हा चालत नाही का?

उत्तर: चालतो की, मस्त चालतो! नाक लेन्समुळं नाही, तुम्ही लई जवळ जाता म्हणून मोठं दिसतं. याची लेन्स २३ एमएमची, म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशोबानं ३५ एमएम, जरा रुंद दृश्य घेणारी, त्यामुळं दीड-दोन मीटर मागं सरका अन् नुसता चेहरा नको, आज्जीचे हात, मागची चूल, सगळं येऊ द्या, मला तर तसेच फोटो खरे वाटतात. चेहराच पायजे तर नंतर क्रॉप करा, म्हणजे कडा कापा, २६ मेगापिक्सेल आहेत, कापला तरी फोटो साफ राहतो. दुपारच्या उन्हात नको, ढाळजेत दाराकडं तोंड करून बसवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ २.८, फोकस डोळ्यावर.