सर्कशीच्या फ्लेक्सवर नेत्याचा फोटो दिसला म्हणून

पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहा पिताना वाचला, फोटोपण बघितला. सर्कशीच्या कमानीवर हात जोडलेले साहेब, खाली 'प्रभागातील मुलांना मोफत पास', आणि बाजूला मागच्या दोन पायांवर उभा केलेला घोडा. डोकं फिरणारच. पण उद्याच नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला बॅनर घेऊन उभं राहायचं आणि साहेबांचं नाव घेऊन 'सर्कशीचे मालक हाय हाय' करायचं म्हणतेस ना, तिथे जरा थांब, कारण हे सगळं मी केलंय आणि सपशेल तोंडावर आपटलोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पाच-सहा टाळकी, सगळ्यांचं मिळून एक स्कूटर. एका पुढाऱ्याची सर्कशीत पार्टनरशिप आहे असं पॅम्प्लेट छापून वाटलं. माहिती कुणाची तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याची! त्या माणसाने फक्त फीत कापली होती. चार दिवसात वकिलाची नोटीस आली, मग माफीनामा कोणी लिहायचा आणि सही कोणी करायची यावर आमच्यातच आठवडाभर भांडणं, आणि तोवर सर्कशीने तंबू गुंडाळला आणि मालेगावच्या रस्त्याला लागली. अस्वलासकट. त्या अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली होती, भोक पिकून त्याला पू धरलेला आणि ते सारखं पंजाने माशा हाकलत बसलेलं, हे मी स्वतः पिंजऱ्यापासून चार हातांवरून बघितलं होतं, पण ना तारीख लिहून ठेवली ना फोटो काढला. सगळ्या भांडणात पुढारी होता, आम्ही होतो, अस्वल कुठेच नव्हतं.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं बसव की फीत कापणं वेगळं, पास वाटणं वेगळं, परवानगीसाठी फोन फिरवणं वेगळं आणि पैसा लावणं वेगळं. तुझ्या फोटोत पास वाटल्याचं दिसतं, तेवढंच लिही, त्यापुढे एक अक्षर नको.

आता कायदा, कारण साहेबांचा पीए तुला पहिला हाच प्रश्न विचारणार की बंदी आहे कुठे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या यांचे खेळ करायला केंद्राने १९९१ ला मनाई केली, १९९८ ला त्यात सिंहही आला, सर्कसवाले कोर्टात गेले, केरळ हायकोर्टात २००० ला हरले आणि सुप्रीम कोर्टात २००१ ला. (आमचं अस्वल त्या मधल्या वर्षांतलं, बिचाऱ्याचं नशीब.) २०११ ला यादीत बैल आला, २०१३ ला प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणाऱ्या सेंट्रल झू अथॉरिटीने सर्कशीतल्या हत्तींना मनाई केली. घोडा, कुत्रा मात्र यादीत नाहीत, त्यांना अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतं. ते बोर्ड आता हरियाणात बल्लभगडला आहे, चेन्नईच्या जुन्या पत्त्यावर अर्ज पाठवून वाट बघत बसू नको. सर्कशीतून सगळेच प्राणी हद्दपार करायचा मसुदा केंद्राने २०१८ च्या नोव्हेंबरात काढला होता, पण मसुद्याला कायदा म्हणून भाषण ठोकलंस तर पीए तिथेच तुला उघडी पाडेल. म्हणजे 'घोडा बेकायदेशीर आहे' असं ओरडायचं नाही, 'या घोड्याचं रजिस्ट्रेशन दाखवा' असं विचारायचं, फरक कळतोय ना?

आणि जाऊन बघ गं. तिकीट काढून, साहेबांच्या पासवर नको. मी मागच्या वेळी एका सर्कशीत गेलो तर लोकं वर झुल्याकडे बघत होती आणि मी पडद्याच्या फटीतून घोड्याकडे, लगामाच्या कडीजवळ तोंडाचा कोपरा सोललेला होता आणि वर सोनेरी झालर. असलं काही दिसलं तर तारीख, शोची वेळ, कोणत्या पायाला, कोणत्या बाजूला, सगळं वहीत. खेळ करणाऱ्या जनावरांसाठीच्या २००१ च्या नियमांत जनावराला आगीजवळ नेऊ नये, त्याच्याजवळ मुद्दाम मोठा आवाज करू नये, आजारी, जखमी किंवा गाभण असेल तर खेळ करवू नये असं आहे. म्हणजे पेटलेली रिंग किंवा जनावराजवळ ढोल दिसला तर तेही लिहायचं. पोलीस तपासायला येऊ शकतात, किमान पीएसआय लागतो, पण एक गंमत आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय की खेळ चालू असताना स्टेजवर किंवा मागे जाता येत नाही. त्यामुळे सकाळी घेऊन जा, दाणापाणी चालू असतं तेव्हा. दंड बघून हसू नको, त्याच कायद्याच्या खेळाच्या जनावरांवरच्या कलमात पाचशे रुपयांपर्यंत आहे किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पण नोंद झाली की पुढच्या गावात परवानगी मागताना ती नोंद बोलते.

तिथे साफसफाई करणारी पोरं भेटतील, त्यांच्यावर डाफरू नको. एकाने मला कटिंग पाजून विचारलं होतं, काका घोडा गेला तर मी कुठं जाऊ. मला उत्तर आलं नाही. आजही नीट येत नाही, आणि जनावर सोडवलं तर ठेवणार कुठे, रोजचा चारा कोण देणार, हेही आधी ठरव.

साहेब भेटले की दोन गोष्टी नक्की म्हणतील. एक, सर्कस ही मराठी माणसाची परंपरा. खरंच आहे ते, सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० ला पहिली भारतीय सर्कस उभी केली, पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंह खेळवत थेट अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत गेले. नाकारू नको, उलट तूच आधी सांग, मग सांग की त्याच रिंगलिंगने २०१६ ला हत्तींचे खेळ थांबवले, २०१७ ला बंद पडली आणि २०२३ ला परत आली ती एकही जनावर न घेता. दुसरं म्हणजे बैलगाडा शर्यत चालते मग हे का नाही. त्याला उत्तर एवढंच की शर्यतीसाठी राज्याने २०१७ ला वेगळी कायदा दुरुस्ती केली, सर्कशीसाठी नाही. शर्यत बरी की वाईट या वादात तिथे शिरू नकोस, तासभर जाईल आणि घोडा बाजूलाच राहील.

मागायचं एकच. माफी नाही, राजीनामा तर अजिबात नाही. ज्या शोचे पास तुमच्या नावाने वाटलेत तो शो जनावरांशिवाय करायला लावा, झुला आहे, मौत का कुआँ आहे, विदूषक आहेत, पोरं तेवढ्यावर खूश होतात, आणि फ्लेक्सवरचा घोडा काढा. यात साहेबांचं काही जात नाही, वर पेपरात फोटो येतो. येऊ दे. श्रेय त्यांनाच दे, मला माहितीये तुला ते जड जाणारे. नाहीच ऐकलं तर मग बॅनर घेऊन उभे राहू, मीपण येतो, गुडघे दुखले तरी.

शनिवारी सकाळी नऊला गंगापूर रोडला आपल्या नेहमीच्या टपरीवर ये. वही आण, पत्राचा कच्चा मसुदा आण आणि त्यात 'क्रूरकर्मा' वगैरे लिहिलं असशीलच तर घरीच खोडून आण, माझं लाल पेन संपत आलंय.

काका