गाड्यांचा साठा रात्री अपडेट करताना

गाड्या शोधायच्या साइटवर डीलरचा साठा भरताना दर तासाला त्याची अख्खी सीएसव्ही (गाड्यांच्या यादीची साधी मजकूर फाइल) ओढू नकोस. पूर्ण फाइल रात्री एकदा, दिवसा फक्त बदललेल्या नोंदी. विकलेली गाडी शोधात दिसली की गिऱ्हाईक हेलपाटा घालतं आणि शिव्या आपल्याला.

सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्री २ वाजता हवं असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) मिनिट ३०, तास २०. मी सरळ २ लिहून बसलो होतो. काम सुरू व्हायचं सकाळी साडेसातला!

खरी गोम पुढे आहे. डेटाबेसमधला जुना टेबल रिकामा करून नवा भरू नकोस. एकदा आमची फाइल अर्धवट आली आणि दुपारपर्यंत शोधात निम्म्या गाड्या गायब. वेगळ्या टेबलात भर, नोंदी मोज, कालच्यापेक्षा फारच कमी असतील तर तिथेच थांब. ठीक असेल तरच टेबलांची नावं अदलाबदल कर. गाडीची ओळख १७ अक्षरी चॅसी नंबरवरून ठेव. नोंदणी क्रमांक कुणी जागा सोडून लिहितो, कुणी डॅश घालून. आणि कोऱ्या गाडीला तो नसतोच.

आधीचं काम चालू असताना दुसरं सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (कामाला कुलूप लावणारी आज्ञा) लाव. स्क्रिप्टमध्ये फाइलचा पाथ (पत्ता) पूर्ण दे, क्रॉनला तुझ्या टर्मिनलची सेटिंग्ज ठाऊक नसतात.