डिंकाच्या लाडवांतली खसखस

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला जायचंय. डिंकाचे लाडू आणि घरचा गोडा मसाला नेणार आहे. जावई म्हणतात, कशातही खसखस नको. किराणा दुकानात मिळणारी, तीही भाजलेली मूठभर खसखस! एवढं कडक असतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जावयांचं ऐका. खसखस अफूच्या बोंडातलीच. दाण्यात मॉर्फिन (अफूतलं गुंगीचं द्रव्य) नसल्यातच जमा, पण बोंडाचा चीक, म्हणजेच अफू, त्याला लागलेला राहतो. आपल्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने बोंडं बंदीत घेताना बिया मुद्दाम वगळल्या, म्हणून वाण्याकडे ती राजरोस मिळते. संयुक्त अरब अमिरातीत तशी सूट नाही, सिंगापूरलाही नाही.

आणि 'मूठभर' म्हणून तिथे कोणी सोडणार नाही. २००८ साली एका ब्रिटिश प्रवाशाला दुबईत चार वर्षांची शिक्षा झाली. बुटाच्या तळाला ०.००३ ग्रॅम गांजा चिकटलेला सापडला होता. तुमच्या खसखशीचे आठ-दहा दाणे तेवढे भरतील! पुढे माफी मिळाली, पण तोवर माणूस कोठडीतच होता. मला हा अन्याय वाटतो. काट्यावर मिलिग्रॅम मोजता येतो, माणसाच्या मनातला हेतू नाही; कायद्याने खालची मर्यादा ठरवायलाच हवी. २०२१च्या नव्या कायद्याने तिथे पहिल्या गुन्ह्याच्या शिक्षा सौम्य झाल्या, तरी त्या भरवशावर बॅग भरू नका.

आपल्याकडेही ती मर्यादा नाही. मी वकील, पक्षकारांचे नातेवाईक मला हमखास म्हणतात, 'पाच ग्रॅमच्या आत आहे, सुटेल ना?' हेरॉइनची 'अल्प मात्रा' पाच ग्रॅमपर्यंत, हे खरं. पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीची पावडरही वजनात धरली जाते. शुद्ध माल चिमूटभर असला, तरी पुडीचं वजन मोजलं जातं.

तेव्हा लाडू खसखशीशिवाय वळा. खोबरं, खारीक, डिंक पुरेसा आहे. मसाल्याचं मात्र नीट आठवा. गोड्या आणि कांदा-लसूण मसाल्यात खसखस भाजून घालतात आणि एकदा दळल्यावर ती वेगळी काढता येत नाही. दळलेला डबा घरीच ठेवा, लेकीसाठी वेगळा करा. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल हे अफूवर्गातलं वेदनाशामक घेत असाल, तर डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. तिथल्या सरकारची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन घ्या.